कोणाचं कोणावाचून अडतं

सभेत जो प्रश्न विचारतो त्याच्याच गळ्यात उत्तर पडतं, हा आमच्या ऑफिसचा अलिखित कायदा. तो मला पाठ होता. तरीही त्या दिवशी मी प्रश्न विचारला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

मी सॉफ्टवेअर कंपनीत चाचणी विभागाची प्रमुख. इतरांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं आणि ते कुठे मोडतं ते त्यांना नम्रपणे सांगायचं, हे माझं काम. नम्रपणा माझा असतो, राग त्यांचा. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक धुलाई कंपनी. हॉटेलं, दवाखाने, वसतिगृहं यांच्या चादरी, टॉवेल, पडदे तिथे धुतले जातात, आणि धुतलेला कपडा कोणाच्या गाडीत चढवायचा हे आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. ठरवायचं, असं म्हणायला हवं. कारण मागच्या आवृत्तीनंतर एका दवाखान्याचे ऑपरेशनचे झगे एका हॉटेलात पोचले आणि हॉटेलचे झालरीचे गुलाबी टेबलक्लॉथ दवाखान्यात.

धुलाई कंपनीच्या मालकीणबाईंचा फोन मीच घेतला होता. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर्जनसाहेबांनी विचारलंय," त्या म्हणाल्या, "की पेशंटच्या अंगावर झालर पुढे घ्यायची की मागे. काय सांगू?"

त्यानंतर त्यांनी दोन अटी घातल्या. पुढची आवृत्ती बिनचूक आली पाहिजे, आणि तुमची काम करण्याची रीत धड आहे असं बाहेरच्या परीक्षकाचं प्रमाणपत्र पाहिजे. नाहीतर त्या दुसरीकडे जाणार. त्या गेल्या की आमची अर्धी माणसं घरी बसणार, हे सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नव्हती.

म्हणून ती सभा. आमच्या मोठ्या साहेबांनी टेबलावर एक जाडजूड ग्रंथ आदळला. चांगलं सॉफ्टवेअर करणारे लोक कोणकोणत्या पद्धती पाळतात ते सगळं त्यात होतं. एकाचं काम दुसऱ्याने तपासणे, आवृत्त्या सांभाळणे, अंदाज बांधणे, नियोजन करणे, चुका मोजणे, आणि असं बरंच. ग्रंथ वाचून असं वाटायचं की या लोकांना सॉफ्टवेअर लिहायला वेळ कधी मिळतो.

"हे सगळं पुढच्या आवृत्तीआधी लागू झालं पाहिजे," साहेब म्हणाले.

मी विचारलं, "सुरुवात कशापासून करायची?"

"उत्तम प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "बाई, तुम्हीच ठरवा."

मी आधी सगळ्यात सज्जन दिसणारी पद्धत निवडली: एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचून तपासायचं. दोन प्रोग्रामरना एका खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. बराच वेळ आतून वादाचे आवाज येत होते. मी बाहेर उभी राहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. मग दार उघडलं आणि कळलं की दोघं इतका वेळ दोन वेगवेगळ्या आवृत्त्या वाचत होते. एक म्हणत होता ही ओळ चुकली आहे, दुसरा म्हणत होता अशी ओळच नाही. दोघांचंही खरं होतं.

बरं, म्हणून आवृत्त्या सांभाळायला घेतल्या. तेव्हा प्रश्न आला, खरी आवृत्ती कोणती? ज्यात गिऱ्हाइकाने मागितलेलं सगळं आहे ती. आणि गिऱ्हाइकाने काय मागितलंय? ते आमच्या विक्रीप्रमुखांना माहीत. त्यांना ऑफिसात सगळे 'होऊनजाईल' म्हणतात, कारण गिऱ्हाइकाने फोनवर काहीही मागितलं की ते "होऊन जाईल" म्हणतात आणि फोन ठेवतात. त्यानंतर ते जिन्यात जो पहिला प्रोग्रामर भेटेल त्याला ते सांगतात. जिन्यात कोणी भेटलं नाही तर विसरतात.

ते सोडून मी चुका मोजायला लागले. तर काय करायला हवं होतं हेच ठरलेलं नसल्यामुळे, चूक कशाला म्हणायचं यावर भांडणं सुरू झाली. एक ना धड, भाराभर चिंध्या. कँटीनमध्ये मला 'सुधारणाबाई' नाव पडलं. मी दिसले की प्रोग्रामर घाईने उठून फोन कानाला लावायचे. एकाने तर फोन उलटा लावला होता. मी त्याला थांबवून सांगितलं की बोलायचं भोक खाली असतं. चाचणी विभागात पडलेली सवय, चूक दिसली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण मनातून मला फार लागलं होतं. इतकी वर्षं या लोकांच्या चुका मी पदरात घेतल्या, आणि आता माझ्यापासून पळायला लागले.

घरी येऊन मी भिंतीकडे बघत बसले. भिंतीकडे बघता बघताच लक्षात आलं की प्रत्येक वेळी मी एका पद्धतीला हात घातला आणि ती दुसरीपाशी जाऊन अडली. म्हणजे पद्धती सुट्या नव्हत्याच. त्यांची आपापसात नाती होती. कोण कोणावाचून अडतं हे आधी बघायला हवं होतं, आणि मी तर वरातीत मिळेल त्या माणसाचा हात धरून 'नवरदेव हाच' म्हणत होते.

ठरवलं, की प्रत्येक पद्धतीचं एक कार्ड करायचं, भिंतीवर लावायचं आणि नात्यांचे धागे जोडायचे. ऑफिसात एक मोठी कोरी भिंत होती. पण ऑफिसातली भिंत ही दिसते तितकी साधी गोष्ट नसते. भिंत इमारत विभागाची, तिच्यावरचा रंग देखभाल विभागाचा, आणि टाचणी मारली तर पडणारं भोक सुरक्षा विभागाचं. मी अर्ज केला. इमारत विभागाच्या साहेबांनी विचारलं, "काम तात्पुरतं आहे की कायमस्वरूपी?"

इथे माझा स्वाभिमान आडवा आला. मी म्हटलं, "सुधारणा तात्पुरती कशी असेल?"

त्यांनी 'कायमस्वरूपी' वर खूण केली. परिणाम असा की माझा अर्ज बांधकामाकडे गेला आणि एक अभियंता हेल्मेट घालून, टेप घेऊन माझ्या टेबलापाशी आला. सुधारणेचं वजन अंदाजे किती असेल, असं त्याने विचारलं. मी अर्ज मागे घेतला. अर्ज मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज होता.

शेवटी आमच्या दिवाणखान्याची भिंत कामी आली. सासूबाई माझ्या नवऱ्यासाठी लाल स्वेटर विणत होत्या. त्यांच्याकडची राखाडी लोकर मी मागून घेतली.

"परत मिळेल ना गं?" त्यांनी विचारलं.

"आई, नुसती टांगायची आहे."

"टांगायची म्हणजे माळ करणारेस का?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "ऑफिसात भिंत नाही का?" मी म्हटलं, तो विषय नको.

कार्डं लावता लावता शेजारचे वकीलकाका वर्तमानपत्र परत करायला आले. भिंत बघून त्यांचे डोळे चमकले. निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्यांना उलटतपासणी घ्यायला माणूस मिळत नाही. वर्तमानपत्र परत करायचं विसरून ते सोफ्यावर बसले.

"वाटणीचं प्रकरण दिसतंय," ते म्हणाले. "सूनबाई, आधी ताबा घ्या. बाकीचं मग बघू."

वाटणी नाही म्हटल्यावर त्यांचा थोडा विरस झाला, पण उठले नाहीत. एकेका धाग्याला हरकत घ्यायला लागले.

"ही तपासणी. हिला आवृत्तीवाचून चालत नाही असं तुमचं म्हणणं. अजिबात चालत नाही, की नुसतं जड जातं?"

"अजिबात नाही. मी करून बघितलंय."

"आणि या नियोजनाला प्रशिक्षणावाचून?"

"तिथे... जड जातं. अडत नाही."

"मग दोन्हीला एकच धागा कसा? सूनबाई, अशाने खटला हराल."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून 'असली तर बरं' याला राखाडी धागा आणि 'नसली तर अडलंच' याला लाल, असं ठरलं. पण लाल लोकर सगळी स्वेटरमध्ये होती. सासूबाई स्वेटरकडे बघत राहिल्या. त्यांना खटल्यात रस वाटायला लागला होता. "एक बाही उसवू या," त्या म्हणाल्या, "त्याला तसंही उकडतं."

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई ठोकाठोकीची तक्रार करायला आल्या त्याही थांबल्या. "दाताचं असंच असतं," त्या म्हणाल्या. "लोकांना वरची टोपी आधी हवी असते. मूळ साफ न करता टोपी बसवली तर रात्रभर ठणकतं, आणि दोष टोपीचा म्हणतात." एवढं बोलून त्यांनी 'चुकांचं मोजमाप' या कार्डाला आणखी एक लाल धागा बांधला. तो बरोबरच होता.

मधेच एक चमत्कारिक गाठ लागली. अंदाज बांधायला जुनी मोजमापं हवीत, मोजमापांना नियोजन हवं, नियोजनाला अंदाज हवा. तिघंही एकमेकांकडे बोट दाखवून उभे. वकीलकाका म्हणाले, असल्या प्रकरणात कोर्ट पुढची तारीख देतं. मला मात्र तारीख परवडणारी नव्हती. पुष्कळ विचार करून मी ठरवलं, की एकाने चुकत-माकत का होईना, आधी चालायचं. पहिला अंदाज चुकीचाच बांधायचा आणि तो लिहून ठेवायचा. चुकीचा असला तरी मोजायला काहीतरी मिळतं. त्या कार्डावर मी 'कच्चा' असं लिहिलं आणि गाठ सुटली. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा केला.

तोवर भिंत पुरेनाशी झाली होती. कार्डं पुस्तकांच्या कपाटावर गेली, तिथून पडद्याच्या दांडीवर. धागे खोलीभर आडवे-उभे. तेवढ्यात माझा नवरा शाळेतून घरी आला. तो भूगोल शिकवतो, त्यामुळे नकाशा बघून दचकत नाही. पण घामाघूम होऊन आला होता. त्याने दारातूनच सवयीने पंख्याचं बटण दाबलं.

पुढचं फार पटकन घडलं. पहिला धागा पंख्याच्या पात्याला लागला आणि पंख्याने सगळी नाती गुंडाळून घ्यायला सुरुवात केली. कार्डं भिंतीवरून एकामागून एक सुटली. वकीलकाकांचा चष्मा वर्तमानपत्रासकट गेला. डॉक्टरीणबाई टेबलाखाली शिरल्या. सासूबाई बटणापर्यंत पोचल्या तोवर भिंत कोरी झाली होती.

नवरा दारातच उभा होता. "काही महत्त्वाचं होतं का?" त्याने विचारलं. मग हळूच म्हणाला, "आणि ती माझी बाही का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. बहुतेक कार्डं जमिनीवर पडली होती. एकच कार्ड पंख्याच्या खाली लटकत होतं. त्याला इतके लाल धागे बांधलेले होते की बाकीची कार्डं सुटली तरी ते सुटलं नव्हतं. साहेबांना सगळ्यात प्रिय असलेलं 'चुकांचं मोजमाप' सोफ्याखाली गेलं होतं. त्याच्यावर कोणीच अवलंबून नव्हतं, तेच सगळ्यांवर लटकून होतं.

नवऱ्याने स्टूल ओढलं. "थांब, काढून देतो."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "आधी वाच त्यावर काय लिहिलंय."

त्याने मान वर करून वाचलं, "'मागणी बदलली तर ती एका जागी लिहिणे आणि सगळ्यांना कळवणे.' एवढंच?"

एवढंच. त्या ग्रंथात ही पद्धत कुठेतरी मधल्या पानात होती, कोणाचं लक्ष जाणार नाही अशी. तिच्यानंतर आवृत्त्या, त्यानंतर तपासणी, मग कच्चा अंदाज. बाकीच्यांनी दम धरायचा. इतके दिवस घोडं कुठे पेंड खात होतं ते मला आता दिसलं होतं.

दिसणं वेगळं आणि साहेबांना दाखवणं वेगळं. मी लोकर सोडवून, कार्डं पुन्हा बांधून, बाजाराच्या पिशवीत भरून ऑफिसात नेली. साहेबांना माझा आराखडा पटेना. "ग्रंथात इतक्या पद्धती आहेत, आणि तुम्ही मूठभर सांगता. परीक्षक काय म्हणेल?" होऊनजाईल तर दुखावलेच. "गिऱ्हाइकाला लिहून पाठवा म्हटलं तर ते पळून जातं," ते म्हणाले. "विक्री म्हणजे नातं असतं, बाई."

"मी नात्यांबद्दलच बोलतेय," मी म्हटलं आणि पिशवी उघडली. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला त्याच्या कामाचं कार्ड दिलं. आवृत्त्या सांभाळणाऱ्याला आवृत्तीचं, प्रोग्रामरना तपासणीचं, साहेबांना मोजमापाचं. साहेबांनी ते चहाच्या कपाच्या कानात अडकवून ठेवलं. मागणीचं कार्ड मी होऊनजाईल यांच्या मनगटाला बांधलं. "नुसतं धरून बसा," म्हटलं, "मी धागा समजावते."

मला समजावावं लागलंच नाही. त्यांचा फोन वाजला. मालकीणबाईच होत्या. होऊनजाईल यांनी सवयीने झटक्यात हात कानाकडे नेला. त्यासरशी टेबलावरची सगळी कार्डं एकदम ओढली गेली. आवृत्तीवाल्याचं पेन उडालं, प्रोग्रामर पुढे झुकले, आणि साहेबांचा चहा भरल्या कपासकट साहेबांच्या मांडीवर आला.

फोनमधून मालकीणबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. पडद्यांची विभागणी आता रंगाऐवजी मजल्याप्रमाणे करून हवी होती.

"होऊन..." होऊनजाईल म्हणाले आणि थांबले. त्यांनी मनगटाकडे बघितलं. मग टेबलाकडे, मग साहेबांच्या मांडीकडे. "असं करा," ते म्हणाले, "जरा लिहून पाठवाल का? काय काय हलतंय ते बघून सांगतो."

मग मालकीणबाई म्हणाल्या, "पाठवते. तुमची तब्येत बरी आहे ना?"

साहेबांनी रुमालाने पँट पुसता पुसता माझ्या आराखड्यावर सही केली. सहीवर चहाचा डाग पडला. तो मी तसाच ठेवला आहे.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणण्याइतकी मी लहान नाही. पहिल्याच आठवड्यात मागण्या एका जागी लिहिल्यावर दिसलं, की टॉवेल घडी घालून पाठवावेत आणि घडी न घालता पाठवावेत, या दोन्ही गोष्टी आम्ही कबूल केल्या होत्या. दोन प्रोग्रामर महिनाभर एकमेकांचं काम रोज पुसत होते आणि संगणकाला शिव्या देत होते. मी मालकीणबाईंना फोन करून विचारलं, दोन्हीतलं कोणतं? एकच होईल.

"अच्छा," त्या म्हणाल्या, "नाही म्हणता येतं, हे तुमच्याकडे कोणाला तरी माहीत आहे तर." आणि घडी निवडली.

तपासणीच्या खोलीत पुन्हा दोघांना बसवलं. या वेळी दोघं एकच आवृत्ती वाचत होते, त्यामुळे वाद लवकर संपला. शिवाय झगे आणि टेबलक्लॉथ यांची अदलाबदल करणारी ती ओळही सापडली. नवी आवृत्ती ऑफिसातून बाहेर पडण्याआधी चूक सापडली, हे माझ्या नोकरीत प्रथमच घडलं. कच्चा अंदाज अर्थात साफ चुकला. पण किती चुकला हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून दुसरा कमी चुकला. कँटीनमध्ये लोक फोन खाली ठेवून माझ्या टेबलावर यायला लागले. 'सुधारणाबाई' नाव तेच राहिलं, पण आता ते हाक मारायला वापरत.

मग परीक्षक आले. सर्दी झालेले, बारीक, अबोल गृहस्थ. त्यांनी ग्रंथातल्या पद्धतींचा आमचा तक्ता उघडला. पुष्कळ रकाने रिकामे होते आणि प्रत्येकात मी लिहिलं होतं, 'अजून नाही, कारण हिच्या आधी अमुक हवी.' साहेब खिडकीबाहेर बघत उभे राहिले. परीक्षकांनी पान उलटलं, नाक पुसलं, आणि जवळच बसलेल्या एका प्रोग्रामरच्या पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ का बदलली?"

प्रोग्रामरने कोणी मागितलं, का मागितलं, कोणी तपासलं आणि त्याने आणखी काय हललं, ते सरळ सांगून टाकलं. परीक्षकांनी आणखी एकाला विचारलं. त्यानेही सांगितलं.

"बाई," परीक्षक मला म्हणाले, "मी जातो तिथे सगळे रकाने भरलेले असतात. मग मी हा प्रश्न विचारतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. हा क्रम कसा लावलात?"

मी लोकर दाखवली. त्यांनी एक लाल धागा ओढून बघितला, मग दुसरा. बराच वेळ ते ओढत बसले होते. प्रमाणपत्र मिळालं. त्यात जेवढं चालू आहे तेवढ्याचाच उल्लेख होता, आणि खाली एक ओळ, की पुढची पावलं योग्य क्रमाने आखलेली आहेत. साहेबांना सोनेरी कडेचं हवं होतं. पण मालकीणबाईंनी ते वाचून कळवलं, की जेवढं आहे तेवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आता आवृत्ती पाठवा.

आवृत्ती ठरल्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे वेळेआधी येऊन बसलो. नवी आवृत्ती गेली की फोन येणारच, त्यात शंका नसते. कितव्या मिनिटाला येतो एवढाच प्रश्न. धुलाईच्या गाड्या सुटण्याची वेळ झाली. फोन वाजला नाही. गाड्या पोचण्याची वेळ झाली. फोन गप्प. होऊनजाईल यांनी फोन उचलून चालू आहे का बघितलं आणि ठेवला. थोड्या वेळाने साहेबांनी बघितला. जेवणं झाली. दुपारच्या गाड्याही जाऊन आल्या असतील असा हिशेब प्रोग्रामरनी मांडला.

आणि फोन वाजला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उचलला.

"तुम्ही सगळे आहात ना जागेवर?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती. "सकाळपासून आम्हाला तुम्हाला फोन करायची वेळच आली नाही. म्हटलं, काही झालं तर नाही ना तुम्हाला."

"नाही," मी म्हटलं, "काहीही झालेलं नाही."

नोकरीत इतकी वर्षं झाली, पण इतक्या अभिमानाने हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं.